भिवराबाईच्या शेळ्या आणि जगाचं तापमान

२ डिसेंबर, सोमवार
तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. विषय : हवामान बदल. वाचल्याबरोबर अंगात उत्साह संचारला. हा विषय म्हणजे माझाच! पहिला नंबर काढायचा, गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या डोळ्यांत भरायचं आणि उन्हाळ्यातल्या बदल्यांत गंगाखेडच्या शेजारची शाळा पदरात पाडून घ्यायची. सोनपेठ तालुक्यातल्या या वाडीवर सात वर्षं काढली. बास झालं. रोज गंगाखेडहून गाडी घेऊन जायचं, संध्याकाळी परत यायचं. मणके सैल झाले. आमची बायको सविता म्हणते, नियमाने तुम्ही वाडीतच राहायला पाहिजे. तिला काय माहीत! कागदावर मी वाडीतच राहतो. भिवराबाईंच्या मागच्या खोलीत. ग्रामसभेने तसा ठराव एकमताने दिलाय. खोली अजून पाहिली नाही, पण चांगली असावी.

संकल्प : प्रोजेक्ट पोरांनीच करायचा. मी बोट लावणार नाही. साहेबांना असलंच आवडतं.

४ डिसेंबर
सातवीवर पहिला तास. पृथ्वीभोवतीचं वायूंचं पांघरूण कसं जाड होत चाललंय ते सांगितलं. फळ्यावर आकृती अशी काढली की पुसवेना. आदिनाथ म्हणाला, सर, मग थंडीत बरंच हाय की! डोकं फिरलं. याच्या बापाचा एवढा ऊस, पाचट पेटवली की अख्खी वाडी खोकत बसते, आणि याला पांघरूण बरं वाटायलंय.

मग मिथेन. म्हटलं, गाई-म्हशी, शेळ्या रवंथ करताना ढेकर देतात. त्यातून मिथेन निघतो आणि जग तापतं. शालू उभी राहिली. आमच्या शेळ्या पण, सर? म्हटलं, हो, तुमच्या पण. विज्ञान कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. वर्ग एकदम चिडीचूप. सात वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी डोक्यात शिरलं यांच्या.

५ डिसेंबर
भिवराबाई शाळेत आल्या. त्या शालूच्या आजी. सोबत एक शेळी. ती त्यांनी झेंड्याच्या खांबाला बांधली आणि मुख्याध्यापक बन्सीधर सरांसमोरच सुरू झाल्या. म्हणाल्या, सर, माह्या शेळ्यायनं जग तापवायलंय म्हणं? पोरगी कालपसून जेवली न्हाई. आपल्या शेळ्या वाईट हायेत म्हणून रडायलीय. माह्या खोलीत राहतो म्हणून कागद लिव्हून घेता अन् माह्याच जनावराला नावं ठेवता?

बन्सीधर सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. ते वाडीचेच, त्यांना भांडण परवडत नाही. मी शास्त्रीय खुलासा करायला लागलो. बाईंनी मधेच तोडलं. तुमी मोजलं का? न्हाई ना? मग मोजा. अन् मोजायचं तर समद्यायचं मोजा, एकट्या माह्या शेळ्यायचं न्हाई.

लय तोंडाळ बाई. पण त्यावरूनच मला झकास आयडिया सुचली. वाडीतल्या प्रत्येकाचा कार्बनचा हिशेब! प्रोजेक्ट सापडला. श्रेय अर्थात माझं, कारण भांडण माझ्यामुळे झालं.

शेळीने जाता जाता माझ्या पाठांच्या टाचणवहीचं एक पान खाल्लं.

९ डिसेंबर
पोरांना कामाला लावलं. कुणाच्या घरी चूल, कुणाकडे गॅस, जनावरं किती, मोटारसायकल, ट्रॅक्टर, लाइट, सगळं विचारा. कुणालाही सोडायचं नाही. आदिनाथ म्हणाला, बाहेरून येणारे पण धरायचे का? म्हटलं, अरे, हवेला वेस असते का? जो जो वाडीत येतो त्याला धरा. वाक्य जमलं होतं. बन्सीधर सरांनाही ऐकवलं. ते नुसतेच बरं म्हणाले. मोठ्या कल्पनेला या शाळेत दाद म्हणून नाही.

१२ डिसेंबर, सकाळी
संकल्प : सुरुवात स्वतःपासून. आजपासून एसटी.

त्याच दिवशी, संध्याकाळी
स्टँडवर ताटकळलो. बस आली ती अशी गच्च की पायरीवर पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर म्हणाला, मागून दुसरी येते. आलीच नाही. घरी जाऊन कार काढली. उशीर झालेला, म्हणून हाणली. काचा वर करून एसी लावला, कारण धुळीने मला शिंका येतात. सगळे म्हणतात पर्यावरण वाचवा. वाचवायला निघालं तर सिस्टीम साथ देत नाही. एकट्याने काय करावं माणसाने?

१८ डिसेंबर
मधल्या सुट्टीत शालू आली. सर, तुमचं घर इथून किती लांब हाय? गाडी लिटरला किती जाती? संगं कुणी असतं का एकटेच असता? मी सगळं सविस्तर सांगितलं. घरच्या एसीचंही सांगितलं. इतक्या वर्षांत एका पोराने माझी अशी विचारपूस केली नव्हती.

बन्सीधर सर म्हणाले, महारुद्र, पोरगी लिहून घ्यायली होती. म्हटलं, सर, असतं एखाद्या लेकराला आपल्या शिक्षकाचं कौतुक. त्यांना सहन झालेलं दिसलं नाही. कपाळाला हात लावून बसले.

३१ डिसेंबर
तक्ता तयार. गुंडाळून दोरा बांधलाय. बन्सीधर सर दोनदा म्हणाले, एकदा उघडून बघ बाबा. नाही बघितला. बोट लावणार नाही म्हणजे नाही. तत्त्व आहे. शिवाय आज लवकर निघायचं होतं, थर्टीफर्स्टचं मटण आणायचं होतं.

शालूला एवढंच विचारलं, शेळ्यांचं काय निघालं? म्हणाली, त्यायचं लय न्हाई निघालं, सर. मी आजीला पण सांगितलं. इतकी हसली की मलाही बरं वाटलं.

३ जानेवारी
सोनपेठ. प्रदर्शन. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

साहेब आमच्या स्टॉलवर थांबले. शालूने तक्ता सोडला. रंगीत कागदाच्या पट्ट्या. शेळ्यांची हिरवी पट्टी वीतभर. आदिनाथच्या घरची, पाचटीसकट, हातभर. आणि एक लालभडक पट्टी अशी की तक्त्यात मावली नाही, वर दुसरा कागद डकवलेला. साहेब हसत म्हणाले, हा कोण गं, कारखानदार का? शालू म्हणाली, न्हाई सर, हे आमचे सर. रोज गंगाखेडहून गाडीनं येतेत. एकटेच. साहेबांचं हसू थांबलं. म्हणाले, रोज? मी घसा खाकरला. तेवढ्यात आदिनाथ माझ्या मदतीला धावला. म्हणाला, पावसाळ्यात रोज न्हाई येत सर, म्हून थोडं कमी भरलंय.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

पहिला नंबर आमचाच आला. टाळ्या झाल्या. साहेबांनी शालूची पाठ थोपटली आणि तक्ता ऑफिसात लावायला म्हणून ठेवून घेतला.

८ जानेवारी
साहेबांनी बोलावलं. टेबलावर ग्रामसभेचा ठराव, भिंतीवर पोरांचा तक्ता. म्हणाले, यातलं खरं कोणतं ते तुम्हीच सांगा. बेजार झालो. तक्ता खोटा म्हणावं तर नंबर जातो, खरा म्हणावं तर मी जातो. शेवटी म्हटलं, पोरांची आकडेमोड चुकली असणार, साहेब.

साहेब तसेच उठून शाळेत आले. शालूला फळ्यावर पुन्हा करायला लावलं. तिने केलं. आकडा आणखी वाढला, कारण प्रदर्शनाची फेरी तिने आता धरली होती. एकही चूक नाही! चौथीपासून या पोरीला भागाकार शिकवताना माझ्या घशाला कोरड पडली, बाकी कधी बरोबर आली नाही. आजच यायची होती!

२२ एप्रिल, दुपार
खोली कशी आहे ते आता माहीत झालं. साहेबांच्या हुकमाने जानेवारीपासून तिच्यातच आहे. पत्र्याची आहे. पंखा आहे, लाइट नाही. सविता फोनवर म्हणते, रविवारी या, एसीत झोपून जा. तिचं बोलणं हल्ली मला टोचतं.

आज बदल्यांचं कळलं. माझ्या अर्जावर साहेबांचा शेरा : विद्यार्थ्यांत शास्त्रीय दृष्टी रुजवणारे शिक्षक. वाडीला यांची नितांत गरज आहे. अर्ज नामंजूर. वाचून रडू आलं, खोटं कशाला लिहू.

त्यातच शालू नवा तक्ता घेऊन आली. माझी पट्टी आता बोटभर, शेळ्यांच्याही खाली. म्हणाली, सर, तुमी समद्यात चांगले निघाले. अगदी मनापासून म्हणाली. तिला शाबास म्हणालो.

संकल्प : सोमवारपासून सायकल. गंगाखेडपर्यंत. उन्हं उतरली की बघू.

खोलीत बसवेना म्हणून बाहेर आलो. अंगणात सावली एकाच कडुलिंबाची आणि ती सगळी शेळ्यांनी धरलेली. उन्हात उभा राहिलो. भिवराबाईंनी बघितलं. एक शेळी ढकलून बाजूला केली आणि म्हणाल्या, बसा सर, त्यायची काई हरकत न्हाई.

बसलो. शेजारच्या शेळीने माझ्या तोंडावर ढेकर दिला.