नवे टायर आणि मागच्या सीटवरचं पोतं

आदरणीय भावोजी यांस,

कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. उरलेला मनातल्या मनात वाकलो असं समजून घ्यावं. आपली नवी कवळी एव्हाना तोंडात रुळली असेल आणि ताईशी बोलताना बाहेर येत नसेल अशी आशा आहे. (ताईशी बोलताना माझे तर खरे दातसुद्धा हलतात, तेव्हा त्यात कवळीचा दोष धरू नये.) आम्ही इकडे ठीक आहोत. हिचं शिवणयंत्र दिवसभर चालतं, माझं डोकं अधूनमधून. आपण दिलेली मोटारसायकलही सुखरूप आहे. ती हातात देताना आपण म्हणाला होतात, "जपून चालव, आणि मागं कोणी बसलं की त्याहून जपून." या पत्राचा विषय त्या वाक्याचा उत्तरार्ध आहे. पत्र ताईला मोठ्यानं वाचून दाखवावं, कारण परवा फोनवर तिनं "या वयात?" एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. ताजा कलम मात्र वाचू नये, तो फक्त आपल्यासाठी.

झालं असं, की मागच्या महिन्यात डेअरीच्या वळणावर आम्ही दोघं पडलो. पडलो म्हणजे काय, सांडलेल्या दुधावरून चाक सरकलं, गाडी दमलेल्या म्हशीसारखी हळूच आडवी झाली आणि ही शेजारच्या वाळूच्या ढिगावर पर्स मांडीत घेऊन बसली, फोटो काढायला बसावं तशी. खरचटलंसुद्धा नाही. उठली, वाळू झटकली, मागचा टायर वाकून निरखला आणि म्हणाली, "हा आणि तुमचं डोकं बरोबरच गुळगुळीत झालंय." मग चालत घरी गेली. तेव्हापासून मागच्या सीटवर बसणार नाही म्हणाली ती नाहीच. बाजारात बसनं, गिऱ्हाइकांकडे पायी. भावोजी, लग्न झाल्यापासून ती सीट अशी ओस पडली नव्हती. एकटा निघालो की शेवटचा गण गळालेली ओळ म्हणत असल्यासारखं वाटतं, आवाज मध्येच लोंबकळत राहतो. शाळेत असं झालं की आमचे मराठीचे गुरुजी बाकावर छडी आपटून म्हणायचे, "ओळ पुरी कर, मग खाली बस." मी ठरवलं, ओळ पुरी करायची. ही मागं बसली पाहिजे, नाहीतर गाडी विकून टाकायची. (विकणं हे मी नुसतं लिहिलं. लिहितानाही पेन अडखळलं.)

टायरवाल्याला आमच्या भागात सगळे 'हवापालट' म्हणतात, कारण कोणत्याही तक्रारीवर त्याचा पहिला उपाय म्हणजे आहे ती हवा सोडून नवी भरणं. त्यानं मला स्पोर्ट टूरिंग टायर दाखवले. मी म्हणालो, बाबा रे, मला स्पोर्ट नको, आणि माझं टूरिंग डेअरीपर्यंतच असतं. पण तो बोलायला लागला की समोरच्याच्या हातात फक्त मान हलवणं उरतं. मधला पट्टा कडक रबराचा, सरळ रस्त्यावर लवकर झिजू नये म्हणून. दोन्ही कडा मऊ रबराच्या, वळणावर गाडी कलली की रस्ता धरून ठेवावा म्हणून. मधे कडक आणि कडेला मऊ! असंच वर्णन मी एकदा निबंधात गुरुजींचं केलं होतं आणि त्याबद्दल बाकावर उभा राहिलो होतो. शिवाय त्या तिरप्या खाचा, ओळीत जिथं यतीचा विसावा हवा बरोबर तिथंच, आणि अंगभर रबराची कोवळी लव. मी टायरवरून हात फिरवत किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी हवापालट म्हणाला, "काका, घेताय की लग्न लावून देऊ?" घेतले. बसवताना त्यानं बजावलं, नव्या टायरचं अंग सुरुवातीला निसरडं असतं, काही दिवस सबुरीनं चालवा, वळणावर थोडं थोडं वाकत जा, आणि मागं माणूस बसवणार असाल तर आधी तेवढंच वजन ठेवून बघा.

आता तेवढं वजन म्हणजे किती? मी घरी येऊन हिला सरळच विचारलं. शिवणयंत्र थांबलं. "कशाला हवंय?" मी म्हणालो, टायरवाल्याला. "त्याला म्हणावं, आधी बायकोचं सांग." यंत्र पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जोरात. तेव्हा मी ढेपेच्या दुकानात गेलो आणि हिच्याएवढं कोंड्याचं पोतं द्या असं सांगितलं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, छोट्या पोत्याकडे पाहिलं, आणि मोठं ओढलं. ते मागच्या सीटवर दोरीनं बांधलं. वारा लागायचा तो तसाच लागावा म्हणून त्याला हिचा जांभळा रेनकोट घातला, आणि वरच्या गाठीवर हिचं हेल्मेट बसवलं. (शास्त्र म्हटलं की अर्धवट करू नये.)

भावोजी, तळ्याकाठचा तो रस्ता आपल्याला आठवत असेल. तिथं सकाळच्या उन्हात पाण्याला लागून वळणांमागून वळणं येतात आणि भुजंगप्रयात वृत्त आपोआप ओठांवर येतं. गुरुजींनी शिकवलेलं 'यमाचा यमाचा यमाचा यमाचा' म्हणत मी एकेका वळणात शिरत होतो. (ही मागं असते तेव्हा तिला यातलं 'यमाचा' तेवढंच ऐकू येतं आणि ती माझ्या बरगडीत बोट खुपसते. पोत्यानं एकदाही खुपसलं नाही.) टायर काय वर्णावे! गाडी कलली की रस्ता जणू हात पुढं करायचा. मग मला स्वतःचीच ओळ सुचली, 'निघाली पुन्हा ही तळ्याच्या दिशेने', आणि ती मी मागं मान वळवून पोत्याला म्हणून दाखवली. ऐकणारं कोणीतरी हवं ना. असे तीन-चार दिवस गेले. आनंदाच्या भरात घरी सांगायचं राहून गेलं.

आणि घात तिथंच झाला. आमचा इस्त्रीवाला कपडे द्यायला आला आणि हिला म्हणाला, "काकू, काल तळ्यावर दिसलात. हात केला, पण तुमचं लक्षच नव्हतं. काका कविता म्हणत होते, तुम्ही ऐकत होता." ही तर आदल्या दिवशी दिवसभर यंत्रावरून उठली नव्हती. खुंटीवर रेनकोट नव्हता. ताईला फोन गेला तो त्याच संध्याकाळी, आणि तिकडून मला "या वयात?" आलं. घरात मला कोणी काही विचारलं नाही. आमटी मात्र वाटीत उंचावरून पडली.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या शेवटच्या वळणावर पोहोचतो, तर लिंबाच्या झाडाखाली ही उभी. पदर खोचलेला, हातात शिवणाची मोठी कात्री. (कात्री धार लावायला निघाली होती, असं ती नंतर म्हणाली.) मी थोडं पुढं जाऊन डौलात गाडी थांबवली. पोतं तेव्हा खाली उतरलेलं होतं. तिनं जवळ जाऊन रेनकोटची बटणं काढली, आत पाहिलं, मूठभर कोंडा हातात घेतला, आणि बोटांमधून हळूहळू खाली गाळला. मला वाटलं, आता गाडी विकायची वेळ आली. मग तिनं विचारलं, "एवढी मोठी दिसते मी तुम्हाला?" मी म्हणालो, दुकानदाराला दिसतेस. ती खुदकन हसली, भावोजी. महिन्याभरानं हसली. पोत्याचं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यावर घातलं, मागं बसली आणि म्हणाली, "चला. आणि यमाला घरी ठेवा." मी ठेवला. टायरांनी कुठंही दगा दिला नाही. ओळ पुरी झाली.

तेव्हा ताईला सांगावं, की माझं चारित्र्य टायरांइतकंच नवं आणि निष्कलंक आहे.

आपला, ताईला अजूनही शेंबडाच वाटणारा,
मेहुणा

ता. क. – आता खरं काम. भावोजी, डेअरीपाशी दोष जुन्या टायरांचा नव्हता, दुधाचाही पुरता नव्हता. वळण आलं की मी एका बाजूला कलतो आणि ही दुसऱ्या. लग्न झाल्यापासून हेच. तळ्यावरून येतानाही तेच, फक्त नव्या टायरांनी सांभाळून घेतलं. हे मी तिला सांगू शकत नाही. सांगितलं तर ती पुन्हा बसमध्ये जाऊन बसेल. आपला शब्द ती मानते. रविवारी आम्ही येतो आहोत, तेव्हा सहज विषय काढून सांगावं, की मागच्यानं पुढच्याबरोबर वाकावं. पोतं किती छान वाकायचं! मी लिहिलं आहे हे कळू देऊ नये. पाकीट चिकटवायला हिच्याकडेच देतो आहे, डिंक तिच्या खणात असतो.

ता. क. दुसरा, वेगळ्या हातचा – भावोजी, नमस्कार. वन्संनाही सांगा. डिंक सापडला, पण आधी पत्र वाचलं. पोतं छान वाकायचं हे खरं आहे. शेवटच्या वळणावर माझ्या डोळ्यांसमोर ते यांच्याबरोबर वाकलं आणि वाकत वाकत दोरीसकट पाण्याकडेच्या झुडपात गेलं. यांना पत्ताच नाही. मागं मान वळवायचं सोडून हे ओळ संपेपर्यंत तसेच कललेले पुढं गेले, मी हाका मारतेय तरी. आता कवितेच्या भरात हे कुठवर वाकतील याचा नेम नाही, म्हणून दुसऱ्या बाजूला मी असते. टायर चांगले आहेत. पण ते आत्ता आले, मी आधीपासून आहे. तेव्हा रविवारी मला काही समजावू नका. मी तशीच बसून येईन.