अंगणातली सावनी

सोमवार, माघ. भोकर.

आजपण सावनीच्या झाडाला कोंब न्हाई. सकाळपासून कितीदा नखानं साल खरवडली. आत हिरवं दिसलं की झाड जितं, असं माझी लेक सुजाता सांगायची. कुठंच हिरवं न्हाई, नुसतं तपकिरी. दिवाळीला खत घातलं, त्यानं कोवळी पालवी आली होती, ती पौषातल्या थंडीनं करपवली. मी तेव्हा खत घालायलाच नको होतं का?

लेकीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून ह्यांनी घरात तिचं नाव काढलं न्हाई. तिचं सामानही माळ्यावर टाकलं. तिनं लावलेलं हे झाड तेवढं अंगणात राहिलं.

दुपारी हे कुदळ घेऊनच आले. "वाळलेलं झाड दारात कशाला? काढून टाकतो."

मी मध्ये उभी राहिले. "थांबा जरा. अजून थंडी हाय."

"मेलंय ते. कवापर्यंत खरवडत राहणार?"

काय सुचलं कोण जाणे, खाली बसून बुंध्याजवळची माती हातानं उकरली आणि मातीखालच्या सालीवर नख ओढलं. हिरवं. जरासंच, पण हिरवं.

हे वाकून बघत राहिले. मग कुदळ भिंतीला टेकवली. "शिमग्यापर्यंत ऱ्हाऊ दे. वरचं वाळलेलं तेव्हा कापू."

मला वाटलं, आता लेकीचंबी विचारतील. जेवताना वाट बघितली. ह्यांनी भाकरी खाल्ली, हात धुतला, टीव्ही लावला.

माझ्या फोनमध्ये तिचा नंबर, ह्यांना कळू नये म्हणून, 'शिवणकाम' नावानं आहे. तसाच राहू दिला.