दोन सीटची गाडी

४ मार्च, मंगळवार

हो म्हणलं.

आई भाकरी थापत होती. "मग कळवू का देवणीच्या पाहुण्यांना, पोरगी तयार हाय म्हणून?" मी म्हणलं, कळव. तिनं हात धुतले, पदर डोळ्याला लावला आणि लगेच धुरपता आत्याला फोन. पप्पा ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी बराच वेळ पान उलटलं नाही. राहिलेली भाकरी मी थापून टाकली. चांगली फुगली.

एवढंच. मला वाटलं होतं, हो म्हणल्यावर तरी छातीत काहीतरी होईल. भीती तरी वाटेल. काही नाही. राज्यसेवेचा निकाल लागला तेव्हापासून असंच आहे. मुलाखतीपर्यंत जाऊन दुसऱ्यांदा यादीत नाव नव्हतं. त्या दिवशीपण रडले नाही. पुण्याची खोली सोडली, पुस्तकं कपाटावर टाकली, बिलोलीला आले. लोक म्हणतात, रामकिशनची लेक लई खंबीर. खंबीर कसली! दाढ काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल होतो, तसं झालंय सगळं.

९ मार्च, रविवार

मुलाचं नाव अश्वजित. उदगीरच्या आयटीआयत निदेशक आहे, पोरांना मशीनचं ड्रॉईंग शिकवतो. बघायला आले तेव्हा एकच वाक्य बोलला — "चहा छान झालाय." चहा आत्यानं केला होता.

आता रोज सकाळी मेसेज पाठवून राहिला. फुलं नाहीत, सुविचार नाहीत. गाडी! रोज एक. कधी पिवळी, कधी काळी, सगळ्या जमिनीला चिकटलेल्या. खाली लिहितो — इंजिन सीटच्या मागं, डिकी पुढं, दारं वर उघडतात, उंची तुमच्या कमरेएवढी. माझी कमर ह्यानं कधी मोजली?

मी अंगठा पाठवते.

१७ मार्च, सोमवार

आजची वेगळीच होती. चाकं झाकलेली, छत काचेचं, दाराला कडीच नाही. मी पहिल्यांदा विचारलं, ही कुठं मिळते? तर लगेच फोन.

"ही मिळत न्हाई. ही कन्सेप्ट हाय." मग समजावून सांगितलं. कंपनी प्रदर्शनासाठी अशी एकच बनवते. लोक फोटो काढतात, पुढच्या जमान्यातली गाडी म्हणतात. प्रदर्शन संपलं की गोदामात. "रस्त्यावर येतच न्हाई कधी. काहींच्यात तर इंजिनबी नसतंय, ढकलत आणून ठेवतात." लई खुश होऊन सांगत होता. त्याला तशाच आवडतात. स्वतःपण काढतो म्हणे, शाळेपासून. देगलूर-उदगीर रस्त्यावर चालेल अशी एक सुपरकार काढलीय, पोट उंच ठेवलंय तिचं.

मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

पाच वर्षं मीपण तसलीच गाडी होते की. जयंतीला स्टेजवर बसवायचे, भावी डेप्युटी कलेक्टर म्हणून हार घालायचे, फोटो काढायचे. आता कपाटावर पुस्तकं आणि त्यावर आईची पापडाची पिशवी. हे लिहितानाही वाईट वाटत नाही. वाटायला पाहिजे.

२९ मार्च, शनिवार

देगलूरला बस्ता बांधला. साडी पांढरीच घ्यायची होती, तरी दुपार गेली.

१३ एप्रिल, रविवार

सांगून टाकलं त्याला.

त्याचा फोन होता. मांडवाचं, पाहुण्यांचं बोलत होता. माझ्या तोंडून निघूनच गेलं — "मला काही वाटत नाही. तुमच्याबद्दल नाही असं नाही. कशाबद्दलच वाटत नाही. लग्न झाल्यावर वाटेल का, ते माहीत नाही."

मला वाटलं, आता ठेवतो फोन. तो म्हणाला, "कधीपासून?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आईनं नाही, मैत्रिणींनी नाही. मी म्हणलं, निकालापासून.

"जेवण जातं का?"

"जातं."

"झोप?"

"लागते."

मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता, तो ऐकू येत होता. नंतर हळू म्हणाला, "मोडायचं असलं तर सांगा. मी म्हणतो मलाच नको झालं. तुमच्यावर बोल येणार न्हाई, पप्पांवरबी न्हाई. सावकाश सांगा." मी म्हणलं, सांगते.

चांगला माणूस आहे. हे कळतं. कळतं तेवढंच. गणिताचं उत्तर बरोबर आलेलं कळावं, तसं. ह्या माणसाला आयुष्यभर असल्या बाईसोबत राहायला लावायचं का? तेच ठरत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. निळ्या फेट्यात पप्पा मिरवणुकीत नाचले. मी गच्चीवरून बघितलं. स्टेजवर ह्या वर्षी दुसरीच पोरगी होती, मेडिकलला लागलेली. अश्वजितला उत्तर दिलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आज सगळीकडं एकच विषय. अश्वजितचा मोठा भाऊ आनंदराज, त्यानं लग्नासाठी हैदराबादहून तसली गाडी ठरवली. खरीखुरी! इटलीची, पिवळी, बारा सिलिंडरची. अश्वजितला पत्ता नव्हता, आज कळालं. फोनवर त्याला बोलताच येईना. "मी — मी एकदा पुण्यात बघितली होती. काचेतून." मग म्हणाला, "तुमी बसाल ना? दोघंच असतो त्यात. सीटच दोन असतात."

बसेन म्हणलं.

धुरपता आत्या लई खुश. "माय, बिलोलीत कुणाची पाठवणी अशी झाली न्हाई." पप्पा मात्र हसले. त्यांची सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली, त्यात किती वर्षं बिलोली-उदगीरच. म्हणाले, "जमिनीपासून चार बोटं वर असती ती. आपल्याकडं गाव तिथं ब्रेकर हाय, दोन गावाच्या मधीबी हाय. कशी जाणार?" आत्या म्हणाली, "तू गप रे."

उत्तर दिलं नाही. अश्वजित विचारत नाही. सकाळी गाडीचा फोटो मात्र येतो.

३ मे, शनिवार

हळद लागली. आई म्हणते, जरा हसत जा, फोटोवाला काय म्हणल. हसले. पप्पा एकदा जवळ येऊन बसले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "चपला नव्या घेतल्या का?" घेतल्या म्हणलं. उठून गेले.

उत्तर द्यायचं राहिलं. आता ते न देणं म्हणजेच देणं झालं.

५ मे, सोमवार. देवणी

लग्न झालं काल. त्रिशरण, पंचशील, हार, टाळ्या. बौद्धाचार्य प्रतिज्ञा सांगत होते, मी मागून म्हणत होते. आवाज खणखणीत निघाला. मुलाखतीच्या तयारीचा आवाज.

गाडी आली तेव्हा निम्मं बिलोली रस्त्यावर. सुरू झाली की कार्यालयाचे पत्रे थरथरायचे. फाटकातून आत यायला उतार होता, तिथं तिचं नाक टेकायला लागलं, म्हणून बाहेरच उभी केली आणि नवरदेव चालत आत आला. तरी चेहरा बघण्यासारखा होता त्याचा. लहान लेकरासारखा.

घोळ झाला पाठवणीला.

कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दोन सीटा — एक नवरा, एक नवरी. बरोबर. आणि चालवणार कोण? कंपनीचा ड्रायव्हर होता, अमरनाथ. त्यानं किल्ली मुठीत घट्ट धरलेली. "चाबी किसी को नक्को देना बोले मालिक." म्हणजे जागा राहिली एक! एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी गाडी ठरवली, इतके दिवस तिचे फोटो बघितले, आणि हे कुणालाच सुचलं नाही. मलापण नाही.

आनंदराज म्हणाला, "अश्व्याला बसू दे. शाळेपासून वही भरून गाड्या काढून राहिलाय त्यो. लुंबिनी आमच्यासंग जीपात येईल." आत्या भडकली. "पाठवणी कुणाची हाय, नवरदेवाची? माझी लेक जीपात दाबून जायची न्हाई!" दोन्हीकडची माणसं बोलायला लागली. आई रडत होती, ती रडायचं थांबवून भांडायला लागली. मी हार घालून मधोमध उभी. मला कुठंही बसवलं असतं तरी चाललं असतं.

अश्वजित माझ्याजवळ आला. "तुम्हाला कुठं बसायचंय?"

"कुठंही."

त्यानं जरा विचार केला. मग कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "मग गाडीतच बसा. जीपात सगळ्या मावश्या-आत्या हायत, वाटभर तुम्हाला बोलायला लावतील. हसायला लावतील. इथं कुणी बोलणार न्हाई." आणि दार वर उचलून धरलं.

मी बसले. एवढं खाली बसायचं असतं हे माहीत नव्हतं. रस्त्यावर पाय पसरून बसल्यासारखं. पप्पा वाकले, त्यांचं डोकं मला काचेच्या वरच्या कडेला दिसलं. मग दार खाली आलं.

रडले नाही. आई म्हणली असेल, लई खंबीर.

६ मे, मंगळवार. देवणी

कालचं अर्धंच लिहिलं. वाटेतलं राहिलं.

पप्पांचं खरं होतं. गावाबाहेर निघतो न निघतो तोच पहिला ब्रेकर. अमरनाथनं बटण दाबलं, गाडीचं नाक जरा वर उठलं. तरी खालून अंतर किती राहतं ते आतून दिसत नाही, कुणीतरी उतरून बघायला लागतं. मागच्या जीपमधून आनंदराज धावत आला, "आनू द्या, आनू द्या" करत हात हलवला — आणि खालून खर्रर्र! अमरनाथचा चेहरा पडला. दोन-तीन दिवसांची झोप गेली असेल बिचाऱ्याची.

दुसऱ्या ब्रेकरला अश्वजित स्वतः उतरला. गाडीचा सगळ्यात खालचा भाग कुठं आहे ते त्याला पाठ. गाडी तिरपी घ्यायला लावली, एक-एक चाक चढवायचं. पांढऱ्या शेरवानीत तो भर रस्त्यात उकिडवा बसला, मान वाकडी करून खाली बघत, हातानं थोडं, थोडं, थांब. गाडी अलगद उतरली. मग जाऊन जीपमध्ये बसला.

तिसऱ्याला माझ्या बाजूनं बसला. गाडी एवढी खाली की उकिडवा बसल्यावर त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. मध्ये फक्त काच. दोन महिने झाले लग्न ठरून, मी त्या माणसाचा चेहरा नीट बघितलाच नव्हता. भुवईत एक जुनी खोक आहे. कानाच्या पाळीला हळद राहिलेली.

चौथ्याला मी काच खाली केली.

"पाणी प्यालात का?" म्हणाला. नाही म्हणलं. पुढच्या ब्रेकरला बाटली घेऊन आला.

त्याच्या पुढच्याला मी विचारलं, "तुम्हाला बसायचं होतं ना हिच्यात?"

"होतं की." चाकाकडं बघतच बोलला. "पण आत बसल्यावर गाडी दिसत न्हाई. मागनं लई छान दिसून राहिली." मग हात केला, थोडं, थोडं. गाडी पुढं गेली आणि मी आरशात बघितलं. तो गुडघे झटकत जीपकडं चालला होता. एका गुडघ्यावर डांबराचा डाग. आई म्हणाली असती, नवी शेरवानी गेली.

देगलूर गेलं. मध्ये मोकळा रस्ता लागला की अमरनाथ खुलायचा. "दबाऊं क्या मॅडम?" मी म्हणायची, नको. हळू चला. त्याला काही कळेना. लोक ह्या गाडीत बसून हळू चला म्हणत नाहीत. मी समोर बघत होते. पुढं गाव दिसतं का, शाळेची पाटी दिसते का. कारण गाव आलं की ब्रेकर येतो.

सासूबाई जेवायला बोलावून राहिल्या. बाकी नंतर.

७ मे, बुधवार

उदगीरच्या पुढं रस्ता नवा निघाला. रुंद, काळा, सपाट. अमरनाथ म्हणाला, अब देखो मॅडम, आणि गाडी सुटली. पाठ सीटला चिकटली. बराच वेळ एकही ब्रेकर आला नाही. आरशात जीप बारीक बारीक होत गेली आणि दिसेनाशी झाली. मला रडू फुटलं. हुंदके! अमरनाथ घाबरला, गाडी कडेला घेतली. जीप आली. अश्वजित पळत आला, दाराशी उकिडवा बसला. "काय झालं? लुंबिनी, काय झालं?"

मी म्हणलं, "ब्रेकर संपले."