उत्तर खाली

७ जानेवारी

मिळालं! चौकातल्या बसायच्या पक्क्या मंडपाचं काम मलाच मिळालं. पालिकेच्या कागदावर अट होती — ‘मंडपाने परिसराला उत्तर द्यावे.’ देते की! चोख देते. एकोणीस वर्षं पोटात ठेवलंय.

परिसर म्हणजे काय तर पूर्वेला बसथांबा, पश्चिमेला चपलांची दुकानं, दक्षिणेला शाळेचं फाटक. आणि उत्तरेला, रस्त्यापलीकडे, ते वाचनालय. दारावर हातभर उंचीची पितळी अक्षरं — सरांचं नाव. इमारत माझी. जिना, खिडक्या, वाचायच्या खोलीत दिवसभर एकसारखा पडणारा उजेड, सगळं मी सव्विसाव्या वर्षी त्यांच्या ऑफिसात बसून काढलेलं. उद्घाटनाला मला नवव्या रांगेत खुर्ची. भाषणात सर म्हणाले, ऑफिसातल्या मुलींचीही ट्रेसिंगला बरीच मदत झाली. ट्रेसिंगला! म्हणजे दुसऱ्याच्या रेघा गिरवायला! मी टाळ्या वाजवल्या होत्या, मूर्खासारख्या.

९ जानेवारी

ठरलं. उत्तरेला सलग भिंत, खिडकी नाही, भोक नाही. भिंतीच्या पायथ्याशी लांब ओटा. लोक भिंतीला टेकून बसतील, म्हणजे सगळं गाव सरांच्या नावाकडे पाठ करून बसेल. आणि मान वळवून बघितलं तर भिंत! बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. कुणी विचारलंच तर रस्त्याचा गोंगाट अडवायला आहे म्हणायचं.

उद्घाटनाला सरांना मानाने बोलवायचं. ओट्यावर, बरोब्बर मधोमध बसवायचं.

१७ जानेवारी

सकाळी सासूबाईंना घेऊन चौकात गेले. दोन मजुरांनी बांबूला चादर बांधून भिंतीच्या जागी धरली. सासूबाई मधोमध स्टुलावर. दिसतंय का, दिसतंय का, असं मी विचारत राहिले. चादर वर, अजून वर. शेवटी म्हणाल्या, नाव गेलं, पण एक वेलांटी डोकं काढून बसलीय. चादर आणखी नऊ इंच वर घेतली. गेली वेलांटी.

परतताना म्हणाल्या, “एवढं काँक्रीट ओतायचं ते एका माणसाचं नाव झाकायला? सरळ तोंडावर चार शब्द सुनवायचे होतेस.”

तेव्हा सुनवता आले नाहीत, हेच तर दुखणं आहे.

२ फेब्रुवारी

नकाशा काढायला बसले. उत्तर वर घ्यायची रीत आहे. म्हणजे वाचनालय माझ्या डोक्यावर. छे! कागद फिरवला. वाचनालय खाली, माझ्या पायाशी. बाणाचं टोक खाली, त्यापाशी ‘उ’. झकास वाटलं.

ड्राफ्ट्समनने विचारलं, आजूबाजूच्या इमारतींची नावं टाकायची ना? (याला सगळे काटकोन म्हणतात. चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. आधी सरांकडे होता.) म्हटलं, नको. एकही नाव नको. माझ्या कागदावर त्या इमारतीचं नाव येणार नाही.

३ मार्च

पाय मोडला. घरच्याच जिन्यात! सहा आठवडे प्लास्टर.

११ मार्च

कंत्राटदाराचा फोन. होकायंत्र लावून आखणी केली, पाया भरला. पलंगावरून हो हो म्हटलं.

२ एप्रिल

भिंत उभी राहिली म्हणे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आता तरी नीट जेव.

१८ एप्रिल

आज काठी टेकत गेले. पत्र्याच्या कुंपणातून आत शिरले आणि समोर — वाचनालय. अख्खंच्या अख्खं. दोन्ही बाजूंना माझे खांब, वर माझं छप्पर, आणि मधोमध सरांचं नाव, फ्रेम करून भिंतीला लावावं तसं!

भिंत माझ्या पाठीमागे होती. शाळेच्या बाजूला. कंत्राटदार खुशीत होता. म्हणाला, बाई, पोरांचा गोंगाट काय अडलाय बघा.

मी ओट्यावर बसले. बसल्यावर तर नाव आणखीच चांगलं दिसतं.

१९ एप्रिल

काटकोनाला फैलावर घेतलं. गरीब चेहरा करून म्हणाला, “बाण उलटा पडला होता बाई, मी तेवढा सरळ केला. सरांनी हातावर पट्टी मारून शिकवलंय, उत्तर कायम वर.”

नकाशा तसाच, फक्त बाण फिरला, आणि उत्तरेची भिंत गेली दक्षिणेला. कागदावर एक तरी नाव असतं तर आखताना कुणाच्याही लक्षात आलं असतं. कुणाला शिव्या घालू? सरांनाच घातल्या, मनातल्या मनात, जेवणभर.

२० एप्रिल

भिंत आता पाडणार नाहीत. पुढच्या महिन्यात उद्घाटन. पालिकेच्या साहेबांनी तर पाठ थोपटली. म्हणाले, वाचनालयाला काय सुंदर उत्तर दिलंत हो! हसले. दात दुखेपर्यंत हसले.

७ मे

सरांच्या मुलीचा फोन. बाबा नक्की येतील, वर्षभरात कुठे बाहेर पडले नाहीत, पण उद्घाटनाला आणतेच म्हणाली. येणारच! स्वतःचं नाव बघायला कोण येणार नाही? मी माझ्याच हाताने आरास करून ठेवलीय. एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा. त्यांना बघून तोंडातून शब्द फुटला नाही तर या वेळी जीभच कापून टाकीन. चार शब्द पाठ करून ठेवलेत. सासूबाईंना म्हणून दाखवले. म्हणाल्या, तिसरा जरा आणखी कडक कर.

१६ मे

झालं उद्घाटन.

मुलीने सरांना हाताला धरून आणलं. मी पुढे झाले, चारही शब्द जिभेवर होते. सरांनी माझ्याकडे बघून मान लववली, परक्या माणसाला लववतात तशी. मुलगी हळूच म्हणाली, आता कुणालाच ओळखत नाहीत, मलाही ताई म्हणतात. त्यांना ओट्यावर मधोमध बसवलं. मी शेजारी.

ते समोर वाचनालयाकडे बघू लागले. मग म्हणाले, “काय सुरेख इमारत आहे हो. कुणाची?”

“माझी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं. ओठ हलवत एकेक अक्षर लावून वाचलं.

“मग वर भलत्याच माणसाचं नाव कसं?”