तुमच्या बंदराला बोट लावली

बाबा, काल दुपारी भरतीच्या पाण्यावर आम्ही बोट खाडीत घेतली आणि तुमच्या बंदराला लावली. तुमच्या वेळचा दगडी धक्का अजून आहे, पण त्याच्यावर आता शेवाळ आणि कालवं. शेजारी सिमेंटची नवी जेटी झाली आहे, तिला निळं रेलिंग आहे आणि चक्क पाण्याचा नळ आहे. दोर घ्यायला कुणीच नव्हतं, म्हणून मीच उडी मारली आणि दोर खुंट्याला घातला. मैत्रीण सुकाणूवरून ओरडली, की बाई, पंचावन्न पूर्ण झालीत, जरा गुडघ्यांचा विचार कर. गेली अकरा वर्षं आम्ही दोघी आणि वरळी कोळीवाड्यातला एक म्हातारा तांडेल, असे दर थंडीत तिच्या वडिलांची ही जुनी शिडाची बोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली येतो. आणि अकरा वर्षं मी काही ना काही सबब सांगून तुमचं बंदर चुकवत आले. कधी आत गाळ साठलाय, कधी वारा उलटा आहे. यंदा तांडेलानं परस्पर सांगून टाकलं की खाडीत पाणी भरपूर आहे, आणि माझ्या सबबी संपल्या.

या प्रवासात आम्ही छोट्या छोट्या बंदरांवर थांबतो. जिथं रस्ता धड जात नाही, दुकान म्हणजे एक टपरी, अशा ठिकाणी दोन-दोन दिवस राहतो आणि हाताला येईल ते काम करतो. जेटीला जुने टायर बांधून देतो, गंजलेल्या कड्यांना रंग लावतो, खुंट्यात अडकलेली फाटकी जाळी सोडवतो. दुसऱ्याची होडी येताना दिसली की मी हातातलं टाकून धावते आणि दोर धरते. मैत्रीण म्हणते की मला जेटीचं वेड आहे, मागच्या जन्मी मी खलाशी असणार. मी हसते. तिला मी सज्जन, परोपकारी वगैरे वाटते आणि मी ते वाटू देते. दोर धरायला धावताना मला नेमकं काय आठवतं, हे तिला सांगण्याची हिंमत मला सदतीस वर्षांत झालेली नाही.

गिरणी संपाच्या वर्षी मी बारा वर्षांची होते. लालबागच्या त्या खोलीत तुम्ही दिवसा घरी असण्याची आम्हाला सवयच नव्हती. रोज सकाळी दाढी करून, भांग पाडून तुम्ही तयार व्हायचात आणि मग जायचं कुठं हे न सुचून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचात. आई हिंदमाताच्या दुकानांतून साड्या आणून त्यांना फॉल लावायची. एकदा तिचा दोरा सारखा तुटत होता आणि ती वैतागून त्याला कशीबशी गाठ मारत होती. तुम्ही तो तिच्या हातातून घेतलात आणि एका हातानं, बोटंसुद्धा दिसू नयेत इतक्या झटकन, दोन टोकं जोडून दिलीत. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, सुताची तार तुटली की विणकर बांधतो ती गाठ. मी हट्ट धरला, तेव्हा मलाही शिकवलीत. माझ्या गाठी पहिले पंधरा दिवस चिंचेच्या बियांएवढ्या व्हायच्या. तुम्ही डोळे मिटून दोऱ्यावरून बोट फिरवायचात आणि गाठ लागली की दोरा परत माझ्या हातात. "गाठ हाताक लागाक नको," एवढंच. आयुष्यात तुम्ही मला दिलेला दम म्हणजे तेवढाच.

मग साड्यांचं गाठोडं हिंदमाताला पोहोचवायचं कामही तुम्ही घेतलंत. नायगावातून, जिथं तुमच्या खात्यातली निम्मी माणसं राहायची, भर दिवसा डोक्यावर बायकांच्या साड्यांचं गाठोडं घेऊन चालत जायचात. कुणी थट्टा केली तर तुम्हीही हसायचात. लाज वाटायची ती मला. मी चार पावलं मागून चालायचे. तुम्हाला ते कळत होतं, कारण चौकात तुम्ही मला हाक न मारता नुसते थांबायचात. दोन वर्षं अशी काढून, गिरणीचं काही खरं नाही हे पटल्यावर, तुम्ही गावी गेलात आणि बंदरावर लाँचचे दोर धरण्याचं काम घेतलंत. माझ्या शाळेसाठी आई आणि मी लालबागलाच राहिलो.

पुढं कॉलेजात ही मैत्रीण भेटली. गिरगावात चौपाटीजवळ तिचं घर, वडील डॉक्टर. पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला गेले तेव्हा तिच्या आईनं आमटी वाढता वाढता सहज विचारलं, वडील काय करतात? आमच्या चाळीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे, सगळ्यांचेच वडील काही करत नव्हते. त्या टेबलाशी माझ्या तोंडून शब्द गेला, वारले. मी बारा वर्षांची असताना. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा, कुणी मला हे बोलायला लावलं नव्हतं. गिरणीत होते, आता बंदरावर आहेत असं सांगितलं असतं तरी त्या घरानं मला तितक्याच मायेनं वाढलं असतं, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी बोलले. मग ते निस्तरता निस्तरता पुरेवाट झाली. मैत्रिणीला घरी आणायची सोय राहिली नाही, कारण घरी आई होती आणि आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. मी तिला हिंदमाताच्या बस स्टॉपच्या पुढं कधी येऊ दिलं नाही.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत डॉक्टर आम्हा दोघींना आणि तिच्या आईला बोटीनं घेऊन निघाले तेव्हा नकाशावर तुमच्या बंदराचं नाव मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तिथं थांबायचा बेत नव्हता, म्हणून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी खारट लागायला लागलं आणि डॉक्टरांनी बोट तुमच्या खाडीत वळवली.

धक्क्यावर तुम्ही उभे होतात. खाकी अर्धी चड्डी, गंजी, खांद्यावर पंचा. मैत्रिणीनं फेकलेला दोर आखूड पडला. दुसऱ्यांदा तुम्ही पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात जाऊन तो धरलात आणि वर बघितलंत. मैत्रिणीची पॅन्ट, तिच्या आईची गवताची हॅट आणि काळा चष्मा असा माझा अवतार होता. मला वाटलं, ओळखणार नाहीत. तुम्ही ओळखलंत. हाक तुमच्या ओठांपर्यंत आलेली मी बघितली. मी मान फिरवली आणि उगाचच पाण्याचा डबा उचलला. हाक आली नाही.

विहिरीवरून दोन-दोन डबे आणून तुम्ही आमची टाकी भरलीत. बोटीचा पुढचा दोर घासून विरला होता, तो तुम्हीच डॉक्टरांना दाखवलात. विरलेला भाग कापलात आणि दोन टोकं एका हातानं जोडलीत. डॉक्टर बघत राहिले. त्यांनी ती गाठ पुन्हा मारायला लावली आणि विचारलं, की कुठं शिकलात. तुम्ही म्हणालात, गिरणीत, साच्यावर. तिथं सूत बारीक, इथं जाड, एवढाच फरक. मग संपाचं बोलणं निघालं आणि डॉक्टरांनी मुलाबाळांची चौकशी केली. एक मुलगी आहे, मुंबईस कालेजात शिकते, असं तुम्ही माझ्याकडे न बघता सांगितलंत. त्यावर मैत्रीण, बिचारी, अगदी मनापासून बोलून गेली, "नशीबवान आहे हो काका तुमची मुलगी. हिचे बाबा ही बारा वर्षांची असतानाच वारले."

तुमच्या हातात दोर होता. तुम्ही गाठ ओढून बघितलीत, ती आधीच पक्की झाली होती. पुन्हा ओढून बघितलीत. मग माझ्याकडे वळलात.

"आई आहे ना तुमची?"

मी आहे म्हटलं. त्या धक्क्यावर मी बोललेला तो एकच शब्द.

"मग त्यांना सांभाळा. आणि चांगलं शिका तुम्ही."

जन्मल्यापासून मला तू म्हणणारे तुम्ही, मला तुम्ही म्हणालात. कुणाला संशय येऊ नये म्हणून माझ्या आईलाही 'त्यांना' म्हणालात. तुमच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मैत्रिणीनं आजवर किती जणांना ही हकिगत सांगितली आहे, की एका बंदरावरच्या साध्या माणसाला हिच्याबद्दल किती वाईट वाटलं होतं.

उन्हाळ्यात तुम्ही लालबागला आलात. पिशवीत आमसुलं आणि सुकट होती. आई साड्या पोहोचवायला गेली होती आणि तुम्ही पूर्वीसारखे उंबऱ्यावर बसून तिच्या रिळाचा गुंता सोडवत होतात. मी चहा करत होते आणि पाठमोरी राहून वाट बघत होते की आता विचाराल, का असं केलंस. तुम्ही रागावला असतात तर मी उलट बोलले असते, रडले असते, कदाचित सुटलेही असते. तुम्ही विचारलंत ते दुसरंच.

"मी गेलंय तेव्हा तू बारा वर्षांचां होतंस, असांच सांगितलंस मा?"

मी चहाकडे बघत व्हय म्हटलं.

"म्हणजे संपाचां साल." तुम्ही रिळाचा एक वेढा सोडवलात. "बरां. उद्या कोणी इचारल्यान तर माका म्हायत व्हया. आवशीक ह्यां सांगू नको."

आईला यातलं काही कळू नये, एवढं सांगून दोऱ्याकडे वळलात. माझं खोटं नीट उभं राहावं म्हणून तुम्ही त्याची माहिती करून घेत होतात. माझ्या पदवीदानाला तुम्ही आला नाहीत. आईला सांगितलंत की लाँचवर बदली माणूस मिळत नाही. तिनं विश्वास ठेवला. पुढं पाच वर्षांनी तुम्ही खरोखर गेलात, तेव्हा ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जाते असं मैत्रिणीला सांगून मी गावी आले. तेरावं करून परतले. आणि बाबा, हेही लिहिते: आईचं कपाळ मोकळं झाल्यावर मी मैत्रिणीला पहिल्यांदा घरी आणलं. आईनं कौतुकानं तिला घावणे करून वाढले आणि म्हणाली, इतकी वर्षं का गो नाही आलीस? मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. मी चटणी आणायला उठले.

काल बोट बांधताना पुढचा दोर तुटला. मैत्रीण आणि तांडेल दोघंही मागच्या बाजूला अडकलेले, पाणी ओढत होतं, आणि माझ्या हातांनी मला न विचारता ती गाठ मारली, एका हातानं. इतकी वर्षं तिच्यासमोर मी ती कधी बांधली नव्हती. मैत्रीण पुढं आली आणि गाठीकडे बघतच राहिली.

"अगं, ही तर त्या काकांची गाठ. तुला कशी येते?"

या जेटीवर, तुमच्या धक्क्यापासून वीस हातांवर उभं राहून मला हे विचारलं गेलं होतं. एवढं सोपं दार मला पुन्हा कोण उघडून देणार होतं? मी म्हणाले, त्या दिवशी बघितली होती, लक्षात राहिली. ती म्हणाली की हे त्यांना कळलं असतं तर किती खूश झाले असते. मग विचारलं, असतील का गं ते अजून? मी म्हणाले, नसतील. एवढं मात्र मी तिला खरं सांगितलं.

आज जेवणं झाल्यावर मी सावलीत हे लिहायला बसले. मैत्रिणीनं विचारलं, कुणाला? मी म्हणाले, बाबांना. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला एकटीला बसता यावं म्हणून तांडेलाला घेऊन गावात गेली. बारा वर्षांच्या पोरीचा बाप गेला म्हणून ती अजूनही माझ्यासाठी हळवी होते. ती येईल तेव्हा हे कागद नकाशांच्या खाली गेलेले असतील.

एक राहिलं. मी आजवर स्वतःला सांगत आले की त्या दिवशी तुमच्या बंदरातून निघाल्यावर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ते खोटं आहे. बोट खाडीबाहेर पडली, तुमचा वर केलेला हात दिसेनासा झाला आणि मला एकदम हलकं वाटलं. मैत्रिणीच्या आईनं सुरमई तळली होती. मी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. वर तुम्ही भरून दिलेलं पाणी प्यायले, आणि म्हणाले, गोड आहे.