कुंकू लागलेले चेक

निरगुडसर,
मंगळवार, २२ फेब्रुवारी २०००

प्रिय आरोही,

काल जीपमधून सगळ्यात आधी उतरली ती तुझी बोरीची आजी. सुदर्शनमामा मागून द्राक्षांची पेटी घेऊन येत होता, पण विहीणबाई कशाला कुणासाठी थांबतात. पायावर पाणी घेतलं न घेतलं तोच ओट्यावर बसल्या आणि शेजारच्या भागूला हाक मारली, ये गं, आमच्या आरोहीचं ऐकलंस का. आमच्या म्हणे. जशी तू निरगुडसरची कुणीच नव्हेस.

मग सुरू झाल्या. तू जर्मनीतल्या बँकेत ते प्रवासाचे चेक मोडायला गेलीस, खिडकीतल्या बाईने एकेक चेक उजेडाला धरून बघितला, तुझ्या सहीवर तांबडे डाग दिसले. ही सही कुणीतरी पुसून पुन्हा केली असं म्हणाली आणि सगळे परत केले. त्यात पुढे शनिवार-रविवार, बँक बंद. तीन दिवस पोरीने नुसत्या पावावर काढले. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझ्याकडे बघतंय कोण.

आता मला सांग, तू फोन बोरीलाच का केलास? दिवाळीपासून आपल्याकडेही फोन आहे. मी त्याच्यावर विणलेला रुमाल घातलाय, धूळ बसू देत नाही. पण खरं कारण कळलं तेव्हा तर लईच लागलं बघ. चेकच्या नंबरांचा कागद तू त्यांच्याकडे ठेवून गेलीस. मामाने समजावलं, चेक आपल्याजवळ आणि नंबरांचा कागद दुसरीकडे ठेवायचा असतो, म्हणजे चेक हरवले, खराब झाले तर नंबर सांगून नवे मिळतात. बरोबर आहे. पण दुसरीकडे म्हणजे बोरीलाच का गं? माझ्या पेटीला चांगलं कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे. त्यांनी तो कागद पापडाच्या डब्यात ठेवला होता, पापडांच्या खाली. मामाने तुला फोनवर नंबर वाचून दाखवले, चौथ्या दिवशी नवे चेक हातात पडले, आणि नाव झालं त्या डब्याचं. भागू म्हणाली, पोरगी नशिबाची, अशी आजी मिळाली. मी तेव्हा आतून चहा घेऊन येत होते. विहीणबाईंच्या कपात साखर जरा कमीच पडली होती. मुद्दाम नाही.

तुझं मात्र कौतुक वाटलं. त्या जर्मन लोकांच्या मुलखात, त्यांच्या बोलीत, एकटी खिडकीशी उभी राहून भांडलीस. मी इथल्या सोसायटीत गेले तरी तुझ्या आजोबांच्या पाठीमागे उभी राहायचे, आणि सही करताना पेन घट्ट धरून घाम यायचा. काल रात्रीपर्यंत मी हे येईल त्याला सांगत होते.

तर ते डाग कुंकवाचे निघाले. कुणाच्या हातचे, हे कुणी विचारलंच नाही, कारण सगळ्यांनी बघितलं होतं. तू निघालीस त्या दिवशी तुझ्या आईने औक्षणाचं ताट तिच्या आईच्या हातात दिलं. घर माझं, उंबरा माझा, नात माझ्या लेकाची, आणि मी मागे उभी. त्यांनी तुला ओवाळलं, बॅगेला कुंकू लावलं, पासपोर्टालाही लावलं, आणि चेक त्या पासपोर्टातच होते. मामा काल हसत हसतच बोलला, पण बोलायचं ते बोलला, आई, तुझ्या कुंकवाने पोरगी परदेशात उपाशी राहिली. विहीणबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्याच हातचं असंल ते."

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. मी दुसरा चहा आणला, आग्रहाने दिला.

निघताना जीपपाशी त्यांनी माझा हात धरला. त्यांना लिहिता येत नाही, माझी चौथी झालेली. म्हणाल्या, तुमी पोरीला कागद लिवाल तवा माझ्या वतीनं लिवा, म्हातारीला माफ कर म्हणावं. तेवढंच लिहायला मी आज बसले होते, पण ती ओळ काही हातून उतरेना. आरोही, ते कुंकू मी लावलं. तू न्हाणीत होतीस तेव्हा. ताट त्यांच्या हाती जाणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं, म्हणून वाटलं, आपलं बोट सगळ्यांच्या आधी लागावं. आपल्या घरातून ट्रॅक्टरचं पुस्तकसुद्धा कुंकवाशिवाय बाहेर पडत नाही, तुला माहीत आहे. चेकवर कुठं लावायचं ते मला समजेना, म्हणून जिथं तू तुझं नाव लिहिलं होतंस तिथं लावलं, ओल्या बोटाने, एकेकावर. नावाला लागलं म्हणजे तुला लागलं, एवढंच डोक्यात होतं. तीन दिवस तू माझ्यामुळे उपाशी राहिलीस. रागाव, पण त्यांच्यावर नको. त्यांना मी माझ्या तोंडाने सांगणार आहे, भागूला समोर बसवून. धुळवडीच्या दिवशी इकडच्या चार वाजता तू इथं फोन कर, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. विहीणबाई आणि मामा त्या दिवशी परत येतो म्हणून सांगून गेलेत.

तुझीच,
निरगुडसरची आजी