विकायला ठेवलेली रजा

दादा, तुझ्या धाकट्या बहिणीचा बसल्या जागेवरून वाकून नमस्कार. (उठून केला असता, पण गुडघ्यांनी परवानगी नाकारली.) तब्येत कशी आहे ते विचारत नाही, कारण तू ‘छान’ म्हणूनच कळवशील. परवा खुंटीवरच्या कोटाला ‘या, बसा’ म्हणालास, हे तुझ्या सुनेने कळवलंय. (सूनबाई, वाचून दाखवताना हे वाक्य गाळलंस तरी चालेल.) बहीण शेजारी बसल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही, असा हट्ट धरून तू दोनदा ऑपरेशन पुढे ढकललंस. आता शुक्रवारही टळला तर उरलेली नजर जाईल, असं डॉक्टर म्हणतात. ऐंशीव्या वर्षी हा हट्ट शोभतो का? (शोभतो. हे लिहू नको म्हटलं होतं, तरी नातीने लिहिलंच.) फोनवर बोलले असते, पण तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं तर पुढच्या खोलीत लेकालाही ऐकू जातं, म्हणून हा कागद. नात त्याचा फोटो काढून पाठवणार आहे.

मला दोन गाड्या बदलून एकटीने येववत नाही, आणि आणणारा एकच, माझा लेक, जो पालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर बसतो. पालिकेचा नियम असा, की न घेतलेली रजा निवृत्तीच्या वेळी ती विकत घेते. हक्काची घेतेच, पण आजारपणाची उरलेलीही घेते. म्हणजे माणूस जितके दिवस आजारी पडला नाही, तितक्यांचे पैसे. हे कळल्यापासून माझा लेक आजारी पडायचाच बंद झाला. दाढ काढली ती जेवणाच्या सुट्टीत. पाठ धरली तेव्हा आठवडाभर उभ्याने पावत्या फाडल्या, आणि लोकांना वाटलं, काय हो हा माणूस, मान देऊन उभा राहतो. स्वतःच्या लग्नाला त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, ते माझी सून अजून विसरलेली नाही. कचेरीत त्याला ‘खांब’ म्हणतात. निवृत्तीला चौदा महिने उरलेत. चार दिवस काढ, मामाकडे ने, असं मी महिनाभर म्हणतेय, तर ‘बघतो’ म्हणतो. त्याचं बघणं तुझ्या डोळ्यांसारखंच, त्यातून काही दिसत नाही.

आज सकाळी तो शिंकत शिंकत कामावर गेला. मी त्याचा मफलर उचलला आणि रिक्षा करून मागोमाग कचेरी गाठली. खिडकीपुढे ही मोठी रांग. मी रांगेला वळसा घालून (म्हातारीला कोण अडवतंय) आत शिरले, त्याच्या कपाळाला हात लावला आणि सगळ्यांदेखत विचारलं, की बाबा रे, काल तापाने फणफणला होतास, गोळी तरी घेतलीस का. रांग दोन पावलं मागे सरकली. रजांचा हिशेब ठेवणाऱ्या बाई उठून आल्या. आजारी माणसाने लोकांसमोर बसायचं नाही, असा कागद म्हणे गेल्याच आठवड्यात आलाय. लेक म्हणाला, मला काही झालेलं नाही, आणि लागोपाठ तीनदा शिंकला. मग पालिकेच्या दवाखान्यात त्याची विचारपूस झाली, तिथे त्याने तोंड उघडायच्या आत मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी उद्यापासून शनिवारपर्यंत विश्रांती लिहून दिली. ठणठणीत असल्याचा दाखला आणल्याशिवाय त्याला आता खुर्चीवर बसू देणार नाहीत.

घरी येईपर्यंत तो रिक्षात एकच वाक्य बोलला, “आई, चार दिवस गेले गं.” कुणी वारल्यासारखं बोलला.

मुलाबाळांना आशीर्वाद. सहीच्या जागी माझा अंगठा, शाई नातीच्या पेनातली.

तुझी धाकटी

ता. क. रजा गेलीच आहे, तर भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा मामाकडे जाऊ, असं आता तोच म्हणतोय. गुरुवारी दुपारी पोचतो. कचेरीतलं कुणी गाडीत भेटू नये म्हणून नाकापर्यंत मफलर गुंडाळून येईल, चोर समजू नका.

आणखी एक. ताप नव्हता. (नातीने पेन खाली ठेवलं. उचल, बाई.) नुसती सर्दी होती. तुझे डोळे की त्याचे चार दिवस, एवढंच मी बघितलं.

आणि हे शेवटचं. आत्ता धुवायला टाकताना त्याच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद निघाला. मला वाटलं वाण्याची यादी. नातीने वाचला. चार दिवसांच्या हक्काच्या रजेचा अर्ज, खाली सही, तारीख कालची, आणि कारण म्हणून लिहिलंय, ‘मामांचे डोळे. आईला नेणे.’ आज तो हा अर्ज देणारच होता, तेवढ्यात मी मफलर घेऊन पोचले. मला तो एका शब्दाने बोललेला नाही. मीही कागद होता तसा परत खिशात ठेवलाय, शर्ट उद्या धुवू. तूही काही बोलू नकोस, दादा. फक्त शुक्रवारी शेजारच्या खुर्चीवर मला न बसवता त्याला बसव, मी बाहेर बाकावर बसेन. आणि पट्टी सोडली की पहिल्यांदा त्याच्याकडे बघ. मी कशी दिसते ते तुला ठाऊक आहे.